दोघांची हवा

टायरला लाथ मारली की आतली हवा कळते, असं मानणारी माणसं अजून संपलेली नाहीत. परवा त्र्यंबक रोडवरच्या पेट्रोल पंपावर माझ्या मुलाने आपल्या नव्या मोटारसायकलच्या मागच्या टायरला बुटाचं टोक मारलं आणि "ओके आहे" असं जाहीर केलं. टायर एवढा रुंद, की त्यावर बसून कुणी भाजी निवडावी. एवढा रुंद कशाला, असं विचारलं तर म्हणाला, "भारी दिसतो." गाडीबरोबर आलेला, तिला शोभणारा टायर काढून त्याने हा बसवून घेतला होता. चार पावलांवर हवेचं यंत्र होतं. यंत्राशेजारी हवा भरणारा माणूस खुर्चीत रेलून मोबाइल बघत होता. त्याच्यापर्यंत जायला कुणालाच वेळ नव्हता. माझ्या मुलाने इंजिनिअरिंग केलं आहे, हे इथेच सांगून ठेवते.

परत निघताना मी त्याला म्हटलं, मला नाशिक रोडला आमच्या जुन्या कॉलनीत घेऊन चल. "तिथे आता काय आहे?" असं त्याने विचारलं. काही नसणार हे मलाही माहीत होतं.

खरंच काही नव्हतं. क्वार्टर रिकामी, सांडपाण्याच्या पाइपांतून पिंपळ फुटलेले, खिडक्यांची तावदानं गेलेली. आमच्या बिल्डिंगच्या जिन्याशेजारचा नळ मात्र होता, तोटी नसलेला, तोंडात लाकडी खुंटी ठोकलेला. त्या नळाजवळ एक शहाबादी फरशी होती आणि तिच्यावर आमची फटफटी उभी असायची. गवत बाजूला सारून मी ती फरशी शोधली. मुलगा तोवर पिंपळाचे फोटो काढत होता. आणि तिथे, त्या वाळल्या गवतात उभी असताना, मला ओल्या रबराचा वास आला. कुठून आला ते मला विचारू नका. मी काही भोळसट बाई नाही, पण वास आला.

रविवार सकाळचा वास होता तो. सत्तरच्या दशकातल्या, नाशिक रोडच्या. रविवारी नोटांच्या प्रेसचा भोंगा नसायचा, त्यामुळे पाळीला जाणाऱ्या सायकलींचा लोंढा नसायचा, आणि कॉलनी उशिरापर्यंत लोळत पडायची. मग एकेका घरात रेडिओ लागायचा. कुठे पाट्यावर मसाला वाटला जायचा, कुठे डोक्याला तेल चोपडून पोरींना उन्हात बसवलेलं असायचं. बाबा बादली आणि चिंधी घेऊन खाली उतरायचे आणि फटफटी धुवायला घ्यायचे. पाणी टायरवर पडलं की तो वास यायचा. ओलं रबर, त्यात थोडं पेट्रोल, थोडी हरसूलच्या वाटेवरची तांबडी माती. मी जिन्याच्या पायरीवर बसून तो वास घेत राहायचे.

हरसूलची माती, कारण आई हरसूलला शिक्षिका होती. डोंगरातलं गाव, आठवड्याचा बाजार, आणि शाळा. आठवडाभर ती तिथे एका खोलीत राहायची. शनिवारी एसटीने घरी यायची, आणि रविवारी दुपारी जेवणं झाली की बाबा तिला फटफटीवरून परत सोडायला जायचे. पुष्कळदा मीही जायचे, पेट्रोलच्या टाकीवर, बाबांच्या दोन हातांच्या मध्ये. आठवडाभर घरात आम्ही दोघंच असायचो. त्यामुळे रविवारची ती वाट हेच आमचं खरं घर होतं, असं मला वाटायचं. पावसाळ्यात घाट चढताना ढग अंगावरून जायचे आणि माझ्या वेणीतून पाणी ठिबकायचं. दिवाळीच्या आधी रस्त्याकडेचं गवत पिवळं पडायचं आणि त्याला कडबोळ्यांसारखा खरपूस वास यायचा. उन्हाळ्यात मोहाची फुलं गळलेली असायची, ती चाकाखाली चिरडली की सगळी हवा गोड आणि जडशी व्हायची. आई मागे एका बाजूला पाय सोडून बसायची, मांडीवर पिशवी, एक हात बाबांच्या खांद्यावर. ती गात वगैरे नसे. ती मागून सूचना करायची.

"अहो, मागचं चाक पोहतंय."

"नाही गं, रस्ता खराब आहे."

"रस्ता नाही, चाक. हवा कमी आहे."

आणि ती खरीच कमी असायची. ज्याचं सगळं वजन त्या चाकावर, त्याला ते कळणार नाही तर कुणाला कळणार. पण मागे बसलेल्या बाईला हवेतलं काय कळतं, असा आमच्या कॉलनीचा एकमुखी निर्णय होता. ती कॉलनी म्हणजे काय चीज होती ते आता सांगते.

आमच्या ओळीत फटफटी एकच, आमची. आणि जाणकार मात्र प्रत्येक जिन्यात. बाबा गाडी धुवायला उतरले की तासाभरात नळापाशी मंडळ जमायचं. पायजमा, बनियन, तोंडात कडुनिंबाची काडी. या मंडळाचे अध्यक्ष निकम अण्णा, शेजारच्या बिल्डिंगमधले. अण्णांकडे स्वतःची सायकल होती, ती लग्नात सासऱ्याने दिलेली, आणि तिचंही पुढचं चाक कायम बसलेलं असायचं. पण दुसऱ्याच्या टायरशी वाकून बघायला अण्णांची कंबर कधी दुखली नाही. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण ज्याने केली त्याने अण्णांना पाहिलेलं असावं. अण्णा टायरवर अंगठा दाबायचे, डोळे मिटायचे, आणि सांगायचे, "साहेब, हवा कमी आहे. टायर कसा पाहिजे, छाती फुगवल्यासारखा टणक पाहिजे. मर्दानी गाडी आहे ही."

लगेच बाबा पायपंप आणून उभे राहायचे आणि टायर दगडासारखा होईपर्यंत हाणत राहायचे.

मग यायचे बोराडे. हे मूळचे निफाडचे, घरची द्राक्षं आणि ऊस, आणि भावाचा ट्रॅक्टर. जगातली सगळी चाकं ट्रॅक्टरला लावलेली आहेत असं समजून ते बोलायचे. "आवं साहेब, एवढी हवा? फुटंल ना. ट्रॅक्टरला बघा, हाय का एवढी? नाय. टायर जरा बसला पाहिजे, मंग पकड येती. लय हवा म्हंजी लय धोका."

आणि बाबा खाली वाकून व्हॉल्व दाबायचे. फुस्स करून हवा निघून जायची. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं म्हणतात. बाबा ऐकायचे जनाचे आणि करायचेही जनाचेच, आणि तेही जो शेवटी येऊन गेला त्याचं. शेवटी अण्णा आले असतील तर त्या रविवारी आम्ही हरसूलपर्यंत प्रत्येक खड्ड्याला टाळ्या वाजवल्यासारखे उडत जायचो. शेवटी बोराडे आले असतील तर घाटातल्या प्रत्येक वळणावर गाडी मागून सरकायची, आणि आई म्हणायची, चाक पोहतंय.

गाडी घेताना विकणाऱ्याने आईसमोरच सगळं सांगितलं होतं. पुढच्या चाकात हवा कमी, मागच्यात जास्त. बाई मागे बसणार असतील तर मागच्यात आणखी. आणि बघायची ती सकाळी, गाडी थंड असताना. एवढंच ज्ञान आहे, चौथीतल्या मुलाला समजेल असं. आई शिक्षिका, तिच्या ते डोक्यात पक्कं बसलं. बाबांनीही ऐकलं होतं. पण नळापाशी उभ्या असलेल्या बनियनमधल्या माणसाला "नाही हो, असं आहे" असं म्हणायला जे लागतं, ते बाबांकडे नव्हतं. उन्हाळ्यात तर कहर. हरसूलहून परतलेली गाडी तापलेली असायची, अण्णा अंगठा दाबायचे, म्हणायचे, उन्हानं हवा वाढली, सोडा थोडी. तापली की हवा वाढते आणि निवली की जागेवर येते, हे न कळणारा माणूस कॉलनीत विद्वान म्हणून वावरत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर चेपलेला. मला त्या अंगठ्याचा तिरस्कार होता. पिवळट नख, त्यात काडीचा चोथा, आणि आमच्या टायरवर असा ठेवलेला, की टायर त्याच्या बापाचा.

टायर निवडण्यातही हीच तऱ्हा. दोन पावसाळ्यांनी मागचा टायर झिजून गुळगुळीत झाला. आईचं म्हणणं साधं होतं, घाटातली वाट, चिखल, दगड. मागे चांगल्या खोल ठोकळ्यांचा टायर घ्या आणि पुढचा आहे तो रेघांचा ठेवा, तो वळताना धरतो. बाबा बाजारात गेले ते अण्णांना बरोबर घेऊन. येताना मागे नवीन टायर बसवून आले, तो नशिबाने बरा निघाला. पण पुढचा रेघांचा, अजून धडधाकट असलेला टायर काढून तिथे मागचा गुळगुळीत चढवलेला. पुढचा अण्णांनी कुणाला तरी देऊनही टाकला होता. आई बघतच राहिली.

"पुढं गुळगुळीत?"

"अण्णा म्हणाले, पुढच्या चाकाला काम काय असतं? वजन मागं, ओढायचं मागं. पुढचं नुसतं वळतं."

"अहो, पण वळतानाच तर पडतो माणूस."

बाबा हसले. ते असं हसायचे तेव्हा त्यांचं काही चुकलंय हे त्यांना कळलेलं असायचं आणि दुरुस्त करायला परत जिना उतरायची ताकद नसायची. मला बाबांची कीव यायची, आणि कीव आली की मागोमाग राग यायचा. लहान मुलीला बापाची कीव येऊ नये. ती एकदा आली की जात नाही.

दसरा आला. आमच्या घरी दसऱ्याला गाडीची पूजा नसते. आमचा तो धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. सकाळी पांढरे कपडे, विहारात वंदना, आणि मग लेण्यांवर. आई त्या दिवसासाठी वर्षभर एक पांढरी साडी जपून ठेवायची, ट्रंकेत कापराच्या वड्या घालून, आणि नेसली की ती दिवसभर कापराच्या वासात वावरायची. कॉलनीत मात्र आदल्या दिवशी, खंडेनवमीला, झाडून सगळ्या वस्तू बाहेर यायच्या. सायकली, शिलाई मशिनं, पाने, पकडी. झेंडूचे ढीग, हळदीकुंकू, ओल्या आंब्याच्या पानांचा तुरट वास. तो दिवस मलाही आवडायचा, खोटं कशाला बोलू. अण्णांकडे या दिवसासाठी एक खास कृती होती. शेंगदाण्याच्या तेलात दिव्याची काजळी खलायची आणि ती चिंधीने टायरला चोळायची. टायर नव्यासारखा काळाभोर दिसतो. सायकलींच्या टायरना चोळून झालं आणि अण्णा आमच्या गाडीकडे वळले.

"साहेब, पूजा तुम्ही करत नाही, नका करू. पण चमक तरी येऊ द्या. सगळ्या गाड्या लखलखतात आणि आपली एकटी भिकारी दिसते."

बाबा म्हणाले, "बरं, लावा थोडं."

नुसतं कडेला लावलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. अण्णांनी जिथे टायर रस्त्याला टेकतो तिथेही हात आखडला नाही. चांगलं पोट भरून तेल पाजलं. मागच्याला आणि पुढच्या गुळगुळीत टायरलाही. टायर आरशासारखे झाले. सगळं मंडळ मागे सरून बघत होतं, आणि बोराडे म्हणाले, "लय भारी." या कारभारावर त्या दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं लेण्यांकडे निघालो. ऊन कोवळं होतं, रस्त्यावर आपट्याच्या पानांचे भारे घेऊन बायका चाललेल्या. आईचा हात नेहमीसारखा बाबांच्या खांद्यावर. हायवेकडच्या वळणावर बाबांनी गाडी वळवली, आणि पुढचं चाक खालून कुणी काढून घ्यावं तसं निघून गेलं. आवाज मोठा नव्हता. मी टाकीवरून बाबांच्या अंगावर पडले, मला खरचटलंसुद्धा नाही. आई लांब, रस्त्याच्या कडेला. तिची पांढरी साडी एका बाजूने काळी झाली होती, तेल आणि काजळी आणि माती, आणि ती उजवं मनगट डाव्या हातात धरून बसली होती. तिच्या साडीला तेव्हाही कापराचा वास येत होता.

मनगट मोडलं. ते जुळलं, सगळी मनगटं जुळतात. फळ्यावर डाव्या हाताने लिहायला ती शिकली, आणि तिचं डावं अक्षरही अण्णांच्या उजव्यापेक्षा चांगलं होतं. मोडलं ते दुसरंच काही, आणि ते रस्त्यावर मोडलं नाही. ते आमच्या बाहेरच्या खोलीत मोडलं, संध्याकाळी, मंडळ समाचाराला आलं तेव्हा.

अण्णा, बोराडे आणि त्यांच्या बायका. आई आत कॉटवर, हात गळ्यात बांधलेला, दार उघडं. चहा मीच केला. अण्णांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि निदान केलं.

"कसं आहे साहेब, बाईमाणूस एका बाजूला बसतं. सगळा भार एकीकडे. वळणावर वहिनींनी अंग चोरलं असणार. तोल गेला की गाडी काय करणार?"

"हां," बोराडे म्हणाले. "बाया घाबरत्यात वळणाला. आमच्या हिलाबी मी बसवत नाय."

मी बाबांकडे बघत होते. आत आईही ऐकत होती, तिची कॉट वाजायची थांबली होती. तेल लावलं होतं, एवढे तीन शब्द. पुढचा टायर गुळगुळीत होता, हे आणखी थोडे. बाबांनी बशी खाली ठेवली, पायजम्यावरचा चहाचा थेंब पुसला, आणि मान हलवली. कशाला हलवली ते ठाऊक नाही. हो म्हणून असेल, नाही म्हणून असेल. त्या मानेला स्वतःचं असं काही मत नव्हतंच.

त्यानंतर आई त्या गाडीवर बसली नाही. रजा संपली त्या रविवारी, हात अजून प्लास्टरमध्येच, जेवण झालं, तिने पिशवी भरली आणि सांगितलं, "मी एसटीनं जाते." बाबा म्हणाले, "बरं." मग पुढची वर्षं तसंच. रविवारी दुपारी ती फाटकाबाहेर पडून स्टॉपकडे चालत जायची, आणि फटफटी नळाजवळ उभी असायची. ती परत त्या गाडीवर बसेल की नाही, आमच्या घरातला प्रश्न म्हणाल तर एवढाच होता. बाकी सगळं आमचं ठीक होतं. घाटातले ढग, गवत, मोहाची फुलं, सगळं माझ्या हातून त्या "बरं"मध्ये गेलं. मला आजही कुणी पटकन "बरं" म्हटलं की चीड येते.

आणि बाबांनी काय करावं? त्यांनी शिस्त लावून घेतली. पडून झाल्यावर. पुढच्या चाकाला नवा रेघांचा टायर आला, आईने सांगितला होता तसाच. हवा मोजायचा मीटर आला. कॉलनीत कुणीतरी स्कूटर घेतली होती आणि निकम अण्णांचं मंडळ तिकडे सरकलं होतं, म्हणून बाबांना मोकळीक मिळाली. सकाळी पाळीला निघायच्या आधी, गाडी थंड असताना, ते उकिडवे बसून दोन्ही चाकं मोजायचे. मीटरचा चुरचुर आवाज, मग पायपंपाचे दमदार श्वास, मग व्हॉल्वचं टोपण फिरवल्याची बारीक कुरकुर. त्या आवाजाने मी अनेक वर्षं जागी झाले. अकरावीला होते तेव्हा एकदा खाली जाऊन मीटर वाचला. पुढे बरोबर. मागे एकट्या माणसाला लागते त्यापेक्षा बरीच जास्त.

"बाबा, मागं ही दोघांची हवा झाली. तुम्ही तर एकटेच जाता."

"असू दे."

"एकट्याला कडक होते. मणका हादरतो."

"असू दे गं. कधी कुणी बसलंच तर."

डब्यातली आमटी रोज सांडलेली का असायची, ते मला तेव्हा कळलं. त्या चाकावर नसलेल्या माणसाचं वजन धरून बाबा वर्षानुवर्षं उडत कामाला जात होते. एखाद्या दुसऱ्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. मला तिरस्कार वाटला. माणसाला माफीसुद्धा पायपंपाने मागायची असते का? तोंड कशाला दिलंय?

शनिवारी मी आईला ते सांगितलं. तिला धक्का बसेल असं वाटलं होतं. ती चपातीचं पीठ मळत होती, मळतच राहिली.

"माहीत आहे मला. सुट्टीत मी गॅलरीतून बघते ना."

"मग?"

"मग काय? दोघांची भरतात, पण बस म्हणाले का कधी? हवा भरून ठेवायची आणि मी आपली येऊन बसायची. त्या दिवशी बोलले नाहीत, आता तरी बोलावं." मग हात धुताना, "एकदा बस म्हणू देत. मी बसेन."

आता बोलणारा कुणी तिसराच लागणार, आणि घरात तिसरी मीच होते. मी बाबांना तिचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्र उलटं धरलं होतं, ते सुलटं केलं.

परवा घरी आल्यावर आईला म्हटलं, कॉलनीत जाऊन आले. ती आता फार हिंडत नाही, खिडकीशी बसून असते, बाबा गेल्यालाही बराच काळ झाला. "नळ आहे का अजून?" तिने विचारलं. आहे म्हटलं, पण पाणी नाही. फरशीचं तिने विचारलं नाही, मीही काढलं नाही. नातू तिला आपल्या मोटारसायकलचे फोटो दाखवायला लागला. तिने चष्मा लावून रुंद टायर पाहिला आणि म्हणाली, "हे कुणासाठी एवढं?" त्याने पुन्हा सांगितलं, भारी दिसतं. तिने चष्मा काढून ठेवला.

मी तिथे, नळाजवळ, उभी होते तेव्हा मला त्या दुसऱ्या दिवसाचीच आठवण येत होती. मी वाक्य पोहोचवलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची. रविवार होता. जेवणं झाली, आई ताटं विसळत होती, आणि बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. घसा खाकरला.

"आज एसटीनं नको जाऊस. मी सोडतो. बस मागे."

आईने वळून बघितलं नाही. पाणी बंद केलं. "किती वाजता निघायचं?"

"तू तयार हो. मी आहे खाली."

ती साडी बदलायला आत गेली. रोजच्या प्रवासाची नाही, चांगली काढली, निळी, बारीक काठांची. आरशासमोर उभी राहून तिने पदर खांद्यावर नीट टाचला, वाऱ्याने उडू नये म्हणून. मी गॅलरीत आले. खाली बाबा गाडी पुसत होते, मागच्या सीटवरची धूळ दोनदा पुसली. सकाळीच हवा भरलेली होती, दोघांची. मी हसत होते, हे मला आठवतं.

त्या दिवशी स्कूटरवाले बाहेरगावी होते. मंडळाला काम नव्हतं. निकम अण्णा जेवून शतपावलीला निघाले होते, ते आमच्या नळाकडे वळले. वाकले. मागच्या टायरवर अंगठा ठेवला.

"काय साहेब, दगड केला का टायरचा? एकट्या माणसाला एवढी हवा असते का? या उन्हात फुटणार हा."

बाबांनी वर बघितलं. तोंड उघडलं. "आज जरा…"

"आज काय अन् उद्या काय. सोडा थोडी, ऐका माझं."

मी वरून बघत होते. मला ओरडता आलं असतं, पण त्या वेळी मला खात्री होती की हे एवढं तरी ते बोलतील. आज दोघं आहोत. तीन शब्द. आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन थांबली होती, निळ्या साडीत, पिशवी खांद्याला. तिलाही अंगठा दिसत होता. तीही वाट बघत होती.

बाबा उकिडवे बसले. व्हॉल्वचं टोपण काढलं, आणि नखाने आतली सुई दाबली. हवा बाहेर पडायला लागली. इतका वेळ हवा बाहेर पडत होती, की मला वाटलं ही सकाळपासूनची नाही, ही त्या सगळ्या वर्षांची आहे. अण्णा मध्येमध्ये अंगठा लावून बघत होते. "अजून. अजून थोडी. हां, आता झाली एकट्याची."

आवाज थांबेपर्यंत आई पायरीवर उभी राहिली. मग तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली, गाडीच्या अगदी जवळून गेली आणि फाटकाच्या दिशेने चालू लागली.

अण्णांना खरंच आश्चर्य वाटलं. "वहिनी कुठं पायी निघाल्या? एवढी गाडी आहे की."

आणि बाबा बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते अण्णांना लगेच आणि स्पष्ट बोलले.

"त्यांना एसटीच बरी पडते."

आई फाटकाशी पोहोचली होती. तिला ते ऐकू गेलं असावं, कारण तिथून पुढे ती भरभर चालायला लागली.